हौदात टाकलेली तुरटी

शुक्रवार, २५ एप्रिल २०२५. सकाळपासून उकाडा. अमरसिंह बीडला जाऊन दुपारी परतला. सूनबाईंच्या माहेरची मंडळी अक्षय्यतृतीयेला येणार, मुलंबाळं धरून. हौदाचं पाणी अजून गढूळ, तळ दिसत नाही. अमरसिंह म्हणतो, सोमवारी सकाळपर्यंत निवळलं नाही तर सगळं सोडून देऊ आणि नव्याने भरू. गुडघे बरे. वाळवणाला मुंग्या लागल्या होत्या, हळद टाकली.

वत्सलाबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि वही कपाटात ठेवली. 'नव्याने भरू' हे शब्द लिहिताना त्यांचा हात क्षणभर थांबला होता, पण वहीत ते दिसत नव्हतं. अक्षर नेहमीसारखंच, एका रेषेत.

त्या हैदराबादच्या. वडील वकील, आणि शाळा नन्सची. तिथल्या एक वयस्कर सिस्टर मुलींना रोज संध्याकाळी वही लिहायला लावत. दिवसभरात काय झालं ते सरळ लिहायचं, नटवायचं नाही, असा त्यांचा दंडक. लग्न होऊन वत्सलाबाई लिंबागणेशच्या पुढच्या या गावात आल्या, तेव्हा ट्रंकेत शालूंच्या खाली अशा भरलेल्या वह्या होत्या. सासूबाईंनी त्या पाहून विचारलं होतं, "ही काय जमाखर्चाची दुकानदारी का?" पुढं त्याच सासूबाई औषधाची बाटली आली की सुनेला हाक मारू लागल्या. मग गाव येऊ लागलं. कुणाच्या खताच्या पिशवीवर काय छापलंय, दवाखान्याच्या चिठ्ठीत गोळी जेवणाआधी आहे की नंतर, सगळं वत्सलाबाई वाचून सांगत. यजमान गेले, केस पांढरे झाले, गुडघे धरले, तरी लोक येतच राहिले. 'आईसाब म्हणल्या' एवढं सांगितलं की वाद संपत असे. इतकी वर्षं कुणी तुम्ही चुकलात म्हणून सांगितलं नाही, की माणसाला त्याची सवय होते. वत्सलाबाईंनाही झाली होती.

हौद त्यांच्या गुडघ्यांसाठी बांधलेला. मुलगा अमरसिंह त्याला पूल म्हणे, बाकी सगळे हौद. डॉक्टर म्हणाले होते, पाण्यात चाला, सांध्यांवर भार येणार नाही. अमरसिंहाने ते एवढं मनावर घेतलं की चिंचेच्या पलीकडे निळ्या फरशीचा हौद उभा राहिला, बाजूला पंप आणि वाळूचा फिल्टर. वत्सलाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "कशाला रे एवढं?" एकदाच म्हणाल्या, तेही हळू आवाजात.

पहिल्यांदा हौद भरला तो गेल्या उन्हाळ्यात. बोअर सलग चालू ठेवला. खालच्या वस्तीवरचा हातपंप त्या दिवसांत नुसता हवा ओढत होता, हे वत्सलाबाईंना कळलं ते पुढं पावसाळ्यात, अंगणवाडीच्या बाईंकडून, बोलता बोलता. घरी धुणंभांडी आणि भाकऱ्या करणारी भिवराबाई त्याच वस्तीवरची. ती त्या सगळ्या दिवसांत पार ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून हंडे वाहून मग कामावर आली होती. वेळेवर आली होती. एका शब्दाने बोलली नव्हती. वत्सलाबाई तिला म्हणाल्या, "अगं, सांगायचं नाहीस का?" तेव्हा भिवराबाई भांडं विसळता विसळता म्हणाली, "सांगून काय व्हनार होतं, आईसाब? हौद तर भरायचाच होता की."

तेव्हापासून त्या पाण्यात पाय टाकताना वत्सलाबाईंना ते हंडे आठवत. तरी त्या चालत. गुडघ्यांना खरंच बरं वाटत होतं.

म्हणून शुक्रवारी त्यांनी ठरवलं, हे पाणी सोडू द्यायचं नाही. आहे तेच निवळवायचं.

हौदाची निगा भिवराबाईचा नवरा म्हाळू ठेवी. जाळीने पाला काढायचा, पंप लावायचा, अमरसिंह सांगेल ती पावडर टाकायची. शनिवारी सकाळी तो टोपी हातात घेऊन ओट्याखाली उभा राहिला. "आईसाब, सोयऱ्याचं तेरावं हाय केजला. दादासाब तर शेताकडं गेलेत. जाऊन येऊ का?"

"जा. मी सांगेन त्याला," वत्सलाबाई म्हणाल्या.

म्हाळू गेला आणि घरातली माणसं उन्हामुळे आत पडली, तेव्हा त्यांनी भिवराबाईला हाक मारली. डब्यातली तुरटी सगळी बाहेर काढली. गढूळ पाण्याच्या घागरीत तुरटीचा खडा चार वेळा फिरवला की माती खाली बसते, हे या घरात त्यांनी जन्मभर केलेलं. हौद म्हणजे तरी काय, मोठी घागर. खडे तेवढे जास्त.

भिवराबाईने तुरटी पाट्यावर ठेचली. "आईसाब, दादासाबांना इचारलं का?"

"त्याला काय विचारायचं? त्याच्या जन्माआधीपासून मी पाणी निवळवते."

"तसं न्हाई. म्हंजे, त्यो पंप चालू हाय, पानी फिरतंय..."

"फिरतंय तेच बरं. सगळीकडे लागेल."

तुरटीचा चुरा हौदात गेला. राहिलेले खडे फडक्यात बांधून शिडीला लटकवले. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी निभावलं असतं. पण विहिरीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर कोठीत होती. पाण्यातली घाण मारायला ती चांगली, आणि चांगली गोष्ट अर्धवट कशाला करायची? त्यांनी ती पातेल्याने घेऊन काठाकाठाने तशीच कोरडी उधळली. भिवराबाई नाकाला पदर लावून मागे सरकली.

संध्याकाळी त्यांनी फडकं सोडून आणलं. पाणी थोडं पांढरं वाटत होतं. सकाळी बसेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

रविवारी सकाळी हौदात दूध होतं. म्हशीचं, साय येण्याआधीचं दिसतं तसं. शिडीची पहिली पायरी दिसत होती, दुसरी नाही. काठावर पांढरा थर बसला होता.

अमरसिंहाचा आवाज ओट्यापर्यंत आला. "म्हाळ्या! काय टाकलंस बे यात?"

म्हाळू गोठ्याकडून धावत आला. "म्या काईच न्हाई टाकलं, दादासाब."

"काईच न्हाई? मग आपोआप दूध झालं? रात्री म्हैस पडली होती का आत?"

गाडी पुसणारा ड्रायव्हर हसला. म्हाळूलाही हसायचं की नाही ते कळेना. तो म्हणाला, "देवाशपथ, दादासाब. म्या तर काल हितं नव्हतोच. केजला गेलतो."

"म्हणजे वर कामावर पण नव्हतास? कुणाला विचारून गेलास?"

वत्सलाबाई ओट्यावर काठी धरून उभ्या होत्या. म्हाळूची नजर वर आली, त्यांच्यापर्यंत आली आणि तिथून खाली गेली. आईसाबांचं नाव त्यांच्या देखत घेणं त्याला जमलं नाही, किंवा ते स्वतःच बोलतील असं त्याला वाटलं असेल.

एक वाक्य पुरलं असतं. मी टाकलं, आणि रजा मीच दिली. वत्सलाबाईंच्या ओठांशी ते तयारही होतं. पण ड्रायव्हर उभा होता, खिडकीत सून होती. ज्यांनी गावाला बाटल्या वाचून दाखवल्या, त्यांनी हे केलं म्हणून आता सगळे ऐकणार. शिवाय मी कबूल केलं तर हा आत्ताच पाणी सोडायला सांगेल, असंही त्यांनी मनाशी घाईघाईने जुळवलं. ते कारण खरं होतं, पण दुसऱ्या नंबरचं, हे त्यांना तेव्हाही कळत होतं.

"बापजन्मी पाहिला होतास का असला हौद? दिसली पावडर, टाकली," अमरसिंह म्हणत होता. "आजपासून इकडं फिरकायचं नाही. गोठ्यातलं शेण काढ. तेवढंच येतं तुला."

भिवराबाई अंगण झाडत होती. तिने झाडू थांबवला नाही. फक्त एकदा मान वर करून वत्सलाबाईंकडे पाहिलं, आणि झाडलेल्याच जागेवरून पुन्हा झाडू फिरवला.

म्हाळू गोठ्याकडे गेला. तो गेल्यावर वत्सलाबाईंना बोलता आलं.

"अमर, आज सोडू नकोस पाणी. उद्या सकाळपर्यंत मला वेळ दे."

"आई, तुला कशाला त्रास? बोअर दोन दिवस चालवला की भरतो."

"उद्या सकाळपर्यंत," त्या म्हणाल्या. "डब्यांवर इंग्रजीत लिहिलेलं आहे, ते कुणी वाचलंय का आजवर?"

तो हसला. "वाच बाई, तूच वाच. पण उद्या सकाळी तळ दिसला पाहिजे. नाहीतर मी कॉक उघडणार."

पंपाच्या खोलीत त्या खुर्ची टाकून बसल्या आणि चष्मा लावून सगळं वाचून काढलं. डब्यावर सरळ छापलेलं होतं. तुरटी टाकायची तर पंप बंद पाहिजे. पाणी निवांत राहिलं तर तिचे कण मातीला धरून खाली बसतात. पंप चालू असला तर ते फुटून पाण्यातच भिरभिरत राहतात. आणि त्याआधी पाण्याचा पीएच पाहायचा, तो फार चढलेला असेल तर तुरटी लागू होत नाही. ब्लीचिंग पावडरीत चुना असतो. इथलं बोअरचं पाणी आधीच जड, नळाच्या तोंडाला पांढरं धरणारं. त्यात त्यांनी आणखी चुना ओतला होता. हे सगळं त्यांना शनिवारीही वाचता आलं असतं. डबा तेव्हाही याच फळीवर होता.

तपासायची छोटी पेटी निघाली. काचेच्या नळीत हौदाचं पाणी घेतलं, बाटलीतले थेंब टाकले. पाणी जांभळट लाल झालं. पेटीवरच्या रंगांच्या पट्टीत हा रंग अगदी शेवटचा होता. हवा होता तो मधला, केशरीकडे झुकणारा.

म्हणजे फळीवरच्या कॅनमधलं आम्ल टाकायचं. म्हाळूला तर हौदाकडे यायला बंदी. त्यांनी भिवराबाईला बोलावलं.

भिवराबाई आली, पण कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आईसाब, आता हे टाकल्यावर पुन्ना दूध झालं, तर कोनाचं नाव घ्यायचं?"

वत्सलाबाईंनी खाली पाहिलं. इतक्या वर्षांत या बाईने त्यांना असं कधी विचारलं नव्हतं.

"माझं," त्या म्हणाल्या.

"काल बी तुमचंच होतं की."

"हो."

"मग कावून न्हाई बोलल्या?"

वत्सलाबाई कॅनचं झाकण सोडवू लागल्या. भिवराबाई पदर खोचून म्हणाली, "सांगा, काय करू. पानी सोडलं तर हंडे मलाच वाहायचेत."

बादली आधी पाण्याने भरायची, मग तिच्यात आम्ल ओतायचं, उलटं कधीच नाही, एवढं वत्सलाबाईंना शाळेतलं आठवत होतं. आणि ब्लीचिंग पावडरीजवळ हे नेलं तर विषारी वाफ होते, म्हणून कोठीतली पावडर लांब नेऊन ठेवली, वाऱ्याची दिशा पाहून दोघी उभ्या राहिल्या. पातळ केलेलं आम्ल खोल बाजूला थोडं थोडं, पंप चालू ठेवून. मग थांबायचं आणि पुन्हा नळीत पाणी घ्यायचं. जांभळट जाऊन लाल आलं. दुपारून आणखी थोडं. उतरत्या उन्हात केशरी आलं तेव्हा भिवराबाई नळी हातात घेऊन म्हणाली, "चहासारखं दिसतंय, बिनदुधाचा." मग पंप बंद केला. आता हात लावायचा नाही.

"तुमचा हातपंप चालतोय ना?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"चालतोय. आज तरी येतंय पानी."

सोमवारी उजाडताच वत्सलाबाई काठी टेकत हौदाशी गेल्या. पाण्याच्या तळाशी पांढऱ्या दह्यासारखा थर सगळीकडे पसरला होता, आणि त्याच्या वर पाणी इतकं स्वच्छ की आतल्या फरशीचे सांधे दिसत होते. तळावरचा गाळ आता फिल्टरमध्ये जाऊ द्यायचा नव्हता, नाहीतर तो फिरून पाण्यात आला असता. भिवराबाईने लांब पाइप खाली सोडला, दुसरं टोक उतारावर ठेवलं, आणि दोघींनी मिळून गाळ हळूहळू ओढून बाहेर काढला. पाइप जरा जोरात हलला की धूर उठल्यासारखं पाणी ढवळलं जाई, मग पुन्हा बसेपर्यंत थांबायचं. हौदातलं वीतभर पाणी त्यात गेलं. कमी झालं ते तसंच राहू दे, बोअर लावायचा नाही, असं वत्सलाबाईंनी अमरसिंहाला बजावलं. त्याने तळ पाहिला, शीळ घातली आणि कबूल केलं.

बुधवारी पाहुणे आले. सून प्रियदर्शनीचे भाऊ, भावजया, मुलं. मुलांनी हौदात उड्या मारल्या. पुरणपोळीचं जेवण व्हायचं होतं, पुरुष मंडळी चिंचेखाली खुर्च्यांवर बसली होती. म्हाळू गोठ्यातून चाऱ्याचं ओझं घेऊन चालला होता, तेव्हा अमरसिंह मोठ्याने म्हणाला, "हे पाणी आमच्या आईने निवळवलं बरं का. त्या गाढवाने पार दूध करून ठेवलं होतं. आईने डबे वाचले आणि दोन दिवसांत आरसा केला."

"वा, मावशी!" सुनेचा थोरला भाऊ म्हणाला. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

वत्सलाबाई खुर्चीतून उठल्या. काठी घसरली, ती उचलायला त्या थांबल्या नाहीत.

"ते दूध मी केलं होतं," त्या म्हणाल्या. "तुरटी मी टाकली. पावडरही मीच."

अमरसिंहाला हसू फुटलं. "आई! तू? आणि मी उगाच त्या म्हाळ्याला..." तो गुडघ्यावर थाप मारून हसला. पाहुणे हसले. "मावशींनी हौदाची खीर केली," कुणीतरी म्हणालं. सुनेने मागून येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तीही हसत होती. सगळ्यांना आईंचं कौतुक वाटत होतं. या वयात काय हौस!

वत्सलाबाई तशाच उभ्या राहिल्या. म्हाळूच्या माथी ते होतं, तेव्हा त्याला बापजन्म ऐकावा लागला होता. त्यांच्या माथी आलं, तर खीर.

"आणि त्याला रजा मी दिली होती," त्या म्हणाल्या. पण तोवर पानं मांडल्याची हाक आली होती, आणि सगळे हात धुवायला उठले. म्हाळू चारा घेऊन गोठ्याच्या आड गेला होता. त्याने ऐकलं की नाही, ते कळलं नाही.

जेवणं उरकल्यावर त्या गोठ्याकडे गेल्या. म्हाळू म्हशीला पाणी दाखवत होता. नन्सच्या शाळेत दिवसातून दहा वेळा 'सॉरी' म्हणायची सवय होती. धक्का लागला तरी म्हणायचं. या अंगणात, यजमानांच्या आणि मुलाच्या घरच्या गड्याला काय म्हणायचं असतं, ते त्यांनी कधी कुणाच्या तोंडून ऐकलंच नव्हतं.

"म्हाळू, चूक माझी होती," त्या म्हणाल्या. "मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

म्हाळूने बादली खाली ठेवली. "जाऊ द्या, आईसाब. तुमच्याम्होरं काय बोलनार आमी."

"तुला बोलायचं असेल तर बोल."

त्याने नकारार्थी मान हलवली. म्हशीने पाणी पिऊन झाल्यावर बादली उचलली आणि तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवराबाई एकटीच आली. तिने भांडी घासायला घेतली. वत्सलाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"म्हाळू कुठंय?"

"केजला. सोयऱ्याच्या पोराच्या ट्रकवर हमाल म्हनून चाललाय. तेराव्यालाच इचारलं होतं त्यानं, तवा ह्यो न्हाई म्हनला होता."

"परत नाही येणार?"

"न्हाई."

"भिवरा, मी सांगितलं गं सगळ्यांसमोर. तू होतीस ना तिथं?"

"होते की." भिवराबाईने कढई पालथी घातली. "तुमी सांगितलं. समद्यांनी ऐकलं. लई हसले."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून वत्सलाबाईंना ते अधिक जड गेलं. त्यांनी विचारलं, "तू येशील ना?"

"बघू. सध्या तर येतेच हाय. पर रोज अंधार पडायच्या आत जाईन. घरी आता दुसरं मानूस न्हाई."

"जा. तू म्हणशील तेव्हा जा."

अमरसिंहाला त्यांनी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "एवढ्याशा बोलण्याचा राग? दुसरा मिळेल." वत्सलाबाईंनी पंपाच्या खोलीची किल्ली त्याच्याकडून मागून घेतली आणि सांगितलं, आता यात माझ्यासाठी पाणी भरायचं नाही. हे आटेल तेवढं आटू दे. मी ओट्यावर चालेन.

"गुडघे?" त्याने विचारलं.

"गुडघे माझे आहेत," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी दिवा लावून त्यांनी वही उघडली. तारीख आणि वार घातला. मग लिहिलं: भिवराबाई आज दिवेलागणीआधीच गेली. भाकरी मी थापल्या. दोन करपल्या.